पहिल्या रात्रीचे प्रश्न

परदेशी शिक्षण म्हटलं की अमरावती-अकोल्याच्या घरांत बारावीनंतरचा किंवा पदवीनंतरचा विचार सुरू होतो. बँकेचं कर्ज, व्हिसा, विद्यापीठ, पुढची नोकरी. त्याच्या आधीच्या वयातला आणखी एक रस्ता आहे, त्याची चर्चा आपल्याकडे फार होत नाही. पंधरा ते एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी एका शैक्षणिक वर्षापुरती दुसऱ्या देशात जाते, तिथल्या एखाद्या कुटुंबात घरच्या लेकरासारखी राहते, त्या गावच्या शाळेत बसते आणि वर्ष सरलं की परत येते. याला विद्यार्थी-विनिमय, म्हणजे युथ एक्सचेंज, म्हणतात.

या कामात सगळ्यात ओळखीचं नाव रोटरीचं. अमरावती आणि अकोला हे दोन्ही जिल्हे रोटरीच्या ३०३० क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतात. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहराच्या रोटरी क्लबनं सुरू केलेला हा उपक्रम आता जगभर पसरला आहे. विमानाचं भाडं, विमा आणि व्हिसाचा खर्च विद्यार्थ्याच्या घरचे करतात. राहणं, जेवण आणि शाळा यांची सोय यजमान क्लब आणि यजमान कुटुंबं करतात. वर्षभरात बहुधा दोन-तीन कुटुंबांत राहावं लागतं, त्यामुळे एकाच देशातली दोन-तीन वेगळी घरं आतून पाहायला मिळतात. एएफएस ही संस्था याच क्षेत्रातली. पहिल्या महायुद्धात जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांनी ती उभी केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, शत्रू झालेल्या देशांतली मुलं एकमेकांच्या घरी राहिली तर पुढचं युद्ध टळेल, या आशेनं तिनं विद्यार्थी पाठवायला सुरुवात केली. अमेरिकन सरकारची ‘येस’ ही पूर्ण खर्च देणारी योजनाही भारतातल्या शालेय विद्यार्थ्यांसाठी आहे.

निवड झाली की घरात तयारी सुरू होते ती सुटकेसची. स्वेटर, मसाले, लोणचं, औषधं, यजमानांसाठी भेटवस्तू. हे सगळं लागतंच. पण परक्या देशातले पहिले दोन-तीन महिने जिच्यामुळे जड जातात ती गोष्ट सुटकेसमध्ये नसते. ती आपल्या वळणात असते, आणि तिचं नाव संकोच. ‘मागू नये’, ‘मोठ्यांना उलट विचारू नये’, ‘दुसऱ्याच्या घरी मिळेल ते गोड मानावं’, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. आपल्या घरी ते शोभतं, कारण न मागता देणारी माणसं भोवती असतात. परदेशातलं यजमान कुटुंब प्रेमळ असलं तरी ते तुमच्या बोलण्याची वाट पाहतं. या एका फरकाची तयारी झाली, तर बाकीचं बरंच सोपं होतं.

आधी गेलेली मराठी माणसं

आपल्याकडे या अनुभवाचा इतिहास जुना आहे. ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरलेल्या आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या होत्या, म्हणजे आजच्या विनिमय विद्यार्थ्याच्याच वयाच्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० मध्ये दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मासिकात आनंदीबाईंविषयीचं पत्र वाचलं आणि ओळखपाळख नसताना त्यांना लिहिलं. तीन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर आनंदीबाई त्यांच्या घरी उतरल्या. त्या कार्पेंटरबाईंना मावशी मानत. त्या घरातला उन्हाळा सुखाचा गेला. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्यावर मात्र भाड्याच्या खोलीत शेकोटी नीट चालेना. पेटवली तर धूर, विझवली तर गारठा. लुगडं सोडायचं नाही हा निश्चय कायम ठेवून त्यांनी ते नेसण्याची पद्धत बदलली आणि अंग अधिक झाकलं जाईल अशा गुजराती पद्धतीनं नेसायला लागल्या. काय सांभाळायचं आणि काय बदलायचं याचा निर्णय त्यांनी स्वतः विचार करून घेतला होता. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पण खालावलेली प्रकृती सावरली नाही आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. थंडी, अपुरं जेवण आणि आजार अंगावर काढणं यांची किंमत किती मोठी असू शकते हे त्यांच्या आयुष्यानं दाखवलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंडांची होती. हार्टली हॉल या वसतिगृहातलं जेवण त्यांना मानवेना. आठवडाभरात त्यांनी जागा बदलली, आधी कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र खोलीत सोबतीला होता आणि ती मैत्री जन्मभर टिकली. अडचण ओळखून लवकर जागा बदलणं हेही जुळवून घेणंच आहे.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जपानमार्गे अमेरिकेत गेले. मिळेल ती मजुरी करत ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात मक्याच्या वाणांवर काम करणारे नामवंत शास्त्रज्ञ झाले. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे पंजाबराव देशमुख १९२० मध्ये विलायतेला निघाले. तोवर पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती आणि पुणे असं गावोगाव शिकणं झालं होतं. एडिनबरा विद्यापीठात त्यांनी संस्कृतसाठी व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती मिळवली. वैदिक वाङ्मयातल्या धर्मकल्पनेवर प्रबंध लिहून ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेतली. बॅरिस्टर होऊन ते परतले. दर इयत्तेला नव्या गावात, नव्या माणसांत राहावं लागलेल्या या शेतकऱ्याच्या मुलाला एडिनबरा हे त्याच मालिकेतलं आणखी एक गाव होतं, असं मला नेहमी वाटतं. जुळवून घेण्याची सवय विलायतेच्या बोटीत बसण्याआधीच लागलेली होती.

पहिल्या रात्री काय विचारायचं

रोटरीच्या विनिमयात एक फार शहाणी रीत आहे. यजमानांच्या घरी पोचल्यावर पहिल्या रात्री, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवशी, विद्यार्थ्यानं घरच्यांसोबत बसून प्रश्नांची एक छापील यादी वाचायची आणि उत्तरं लिहून घ्यायची. ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ याच नावानं ती ओळखली जाते आणि अनेक भाषांत मिळते.

प्रश्न अगदी साधे असतात. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? अंथरूण रोज आवरायचं का? खोलीचं दार उघडं ठेवायचं की बंद? मळके कपडे कुठे टाकू? वॉशिंग मशीन मी लावू की तुम्ही लावाल, आणि कोणत्या दिवशी? आंघोळीची वेळ कोणती, किती मिनिटं पाणी वापरलं तर चालेल? फ्रिजमधलं काय विचारल्याशिवाय घेता येईल आणि कशाला हात लावायचा नाही? जेवणाआधी ताटं मांडणं, नंतर भांडी घासणं यांतलं माझं काम कोणतं? रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं? कोणाला घरी बोलावलं तर चालेल? वाय-फाय किती वाजता बंद होतं? घरात कोणत्या गोष्टीचा तुम्हाला राग येतो?

आपल्या मुलांना हे प्रश्न विचारायला अवघड वाटतात. आल्या आल्या फ्रिजविषयी विचारायचं? हावरट म्हणतील. आंघोळीची वेळ विचारायची? त्यांना वाटेल इथे खोटच काढतेय. यजमानांच्या बाजूनं पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. त्यांच्या घरात एक अनोळखी मूल आलेलं आहे आणि त्याला काय हवं, काय चालतं हे त्यांना कळत नाही. प्रश्न विचारणारं मूल त्यांचं अर्धं ओझं उतरवतं. गप्प बसलेलं मूल नाखूश आहे, असा ते अर्थ काढतात. मग दोन्हीकडे संकोच वाढतो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून फुटतो.

या यादीसोबत काही ठाम नियमही असतात: दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, गाडी चालवणं नाही, प्रेमप्रकरण नाही. मोडले तर पहिल्या विमानानं घरी. दुसऱ्या बाजूनं, विद्यार्थ्यासाठी कुटुंबाबाहेरचा एक समुपदेशक नेमलेला असतो. घरात कोणी त्रास दिला, अंगाला नकोसा स्पर्श केला, धमकावलं, तर तडक त्याला सांगायचं असतं. ‘पाहुणे आहोत, सहन करू’ हा विचार इथे धोकादायक आहे. निघण्याआधी आई-वडिलांनी आपल्या मुलीला आणि मुलालाही हे स्पष्ट शब्दांत सांगितलं पाहिजे.

आग्रह नसलेलं जेवण

वऱ्हाडात पाहुण्यानं एकदा नको म्हणावं, दुसऱ्यांदा पुरे म्हणावं आणि तिसऱ्यांदा वाढून घ्यावं अशी रीत आहे. ‘घे ना बाप्पा, एवढ्यानं काय होते!’ म्हणत वाढणारं कोणी तरी असतंच. अमेरिकेत, जर्मनीत किंवा डेन्मार्कमध्ये एकदा नको म्हटलं की भांडं पुढे सरकतं. त्यांच्या दृष्टीनं तुमच्या शब्दाला मान देणं ते हेच. पहिला आठवडा अर्धपोटी काढणाऱ्या मुलांपैकी कित्येकांची अडचण जेवणाच्या चवीपेक्षा या पहिल्या ‘नको’ची असते. भूक असेल तर पहिल्या वेळी हो म्हणायचं. अजून हवं असेल तर मागायचं. आवडलं नाही तर थोडं घेऊन तसं सौम्यपणे सांगायचं. वाढणाऱ्याचे आभार दर वेळी मानायचे. आपल्या घरी आईचे आभार कोणी मानत नाही, तिथे ते न मानणं उद्धटपणात जमा होतं.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. अनेक देशांत मासे खाणाराही स्वतःला शाकाहारी म्हणवतो. जपानमध्ये भाजीच्या रश्श्याला बहुधा माशाच्या अर्काचा आधार असतो, थायलंडमध्ये माशाचा सॉस जवळपास प्रत्येक पदार्थात पडतो आणि जेलीच्या मिठाईत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं. म्हणून ‘मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं किंवा चालत नाही, दूध चालतं’ अशी चार वाक्यं त्या देशाच्या भाषेत पाठ करून जावीत.

जेवणाच्या वेळाही बदलतात. जर्मनीत अनेक घरांत गरम जेवण दुपारी आणि रात्री ब्रेड, चीज, काकडी असं थंड खाणं. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊ-दहाला. अमेरिकेत संध्याकाळी सहालाच ताटं मांडलेली. दोन-तीन आठवड्यांत पोटाला नवं वेळापत्रक कळतं.

नेण्याच्या सामानाबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा आणि घरचं साजूक तूप घरीच ठेवायचं. आपल्या रश्श्याच्या मसाल्यात लागणारी खसखस संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर इथे बंदी असलेला पदार्थ आहे. दुबईत विमान बदलायचं असेल तर तिचा दाणाही सामानात नको. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक पदार्थ कस्टमच्या अर्जावर लिहून दाखवावा. लिहिलेलं फार तर काढून घेतात, लपवलेल्याला दंड होतो.

एक दिलासा मात्र आहे. बेसन आणि तिखट जवळजवळ प्रत्येक मोठ्या शहरातल्या भारतीय दुकानात मिळतं आणि पिठलं वीस मिनिटांत होतं. ज्वारीचं पीठही अमेरिकेत ग्लुटेनमुक्त पीठ म्हणून विकलं जातं. कॅन्सस राज्यात तर ज्वारीची शेतंच्या शेतं दिसतात. ती मुख्यतः जनावरांच्या खाद्यासाठी आणि इथेनॉलसाठी पिकवली जाते. यजमानांना महिन्यातून एकदा आपल्या हातचं भाकरी-पिठलं, वांग्याचं भरीत किंवा पातोडीचा रस्सा खाऊ घालणारं मूल त्या घराला लवकर आपलं वाटू लागतं. निघण्याआधी मुलगा असो की मुलगी, पाच पदार्थ स्वतःच्या हातानं शिकून जावेत.

घर, घड्याळ आणि हवा

अमेरिका-युरोपातल्या बाथरूममध्ये शॉवरच्या जागेखेरीज जमिनीला बहुधा पाणी जायची वाट नसते. आपल्यासारखं तांब्यानं पाणी ओतलं तर ते लाकडी जमिनीत मुरतं आणि खालच्या छतातून गळतं. शौचालयात पाण्याऐवजी कागद असतो. ज्यांना पाणी हवं त्यांनी छोटी बाटली जवळ ठेवावी आणि जमीन कोरडी ठेवावी. गरम पाणी टाकीपुरतंच असतं, मागच्यासाठी ते उरलं पाहिजे. जपानी घरात आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं आणि मगच टबात उतरायचं, कारण ते पाणी घरातले सगळे वापरतात. जर्मनीत कचरा प्रकारानुसार वेगळ्या डब्यांत जातो, एकदा वापरायच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते आणि रविवारी दुकानं बंद असतात. विजेचाही फरक आहे. आपल्याकडे २३० व्होल्ट, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. मोबाइलचा चार्जर दोन्हीकडे चालतो, आपला मिक्सर तिथे चालत नाही.

हवेचा फरक तर शरीरालाच कळतो. अकोला आणि अमरावती विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २१ अंशांवर आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी आपलं अंग ते सोसतं. आपल्याकडे डिसेंबरातला दिवसही अकरा तासांच्या आसपास असतो. एडिनबरा ५६ अंशांवर आहे, तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा आणि जूनमध्ये साडेसतरा तासांचा. उजेड कमी झाला की झोपेचं चक्र नियमित करणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची वेळ बिघडते, सुस्ती येते, मन उतरतं. नोव्हेंबरात रडू येणाऱ्या मुलाला घराचीच आठवण येत असते असं नाही, त्याला ऊनही कमी पडत असतं. त्यावर उपाय म्हणजे सकाळच्या उजेडात अर्धा तास बाहेर चालणं, मैदानी खेळ आणि डॉक्टरांना विचारून ड जीवनसत्त्व. आपल्या त्वचेला ते बनवायला जास्त ऊन लागतं, हे तिथल्या डॉक्टरला आठवणीनं सांगावं.

कपड्यांबाबत कापसाच्या मुलखातल्या माणसाला एक गोष्ट नव्यानं शिकावी लागते. सुती कापड घाम शोषून ओलं राहतं. आपल्या उन्हाळ्यात तोच त्याचा गुण, पण हिमाच्या थंडीत ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर ऊबदार थर आणि सगळ्यांत वर वारा-पाऊस अडवणारा थर अशी रचना लागते. जाड कोट इथे विकत घेण्यापेक्षा तिथे घ्यावा. यजमान कुटुंबांकडे बहुधा मोठ्या मुलांचे जुने कोट असतात आणि विचारलं तर ते आनंदानं देतात.

वर्गात गप्प बसण्याची किंमत

आपल्या वर्गात शांत बसणारं मूल गुणी. जर्मनीच्या शाळेत तोंडी सहभागाला मोठं वजन असतं. हात वर करून बोलणाऱ्याचे गुण वाढतात, गप्प राहणाऱ्याचे घटतात. तिथल्या गुणपद्धतीत १ हा सर्वोत्तम शेरा आणि ६ हा सर्वांत वाईट, हेही आधी माहीत हवं, नाही तर पहिलं प्रगतिपुस्तक पाहून आई-वडील भलतेच खूश होतील. डेन्मार्क-स्वीडनमध्ये शिक्षकांना पहिल्या नावानं हाक मारतात. पुस्तकातला उतारा जसाच्या तसा उतरवणं आपल्याकडे पाठांतरात खपतं, तिथे ती चोरी ठरते.

भाषेची अडचण इंग्रजी न बोलणाऱ्या देशात अधिक. ब्राझील, फ्रान्स, जर्मनी, तैवान अशा देशांत जाणाऱ्या मुलानं निघण्याआधी निदान शंभर वाक्यं बोलायला शिकावीत. घरच्यांनी इंग्रजीत बोलायची तयारी दाखवली तरी तिसऱ्या महिन्यापासून त्यांना त्यांच्याच भाषेत बोलायला सांगावं. भाषा चुकत चुकतच येते आणि चुका ऐकून घ्यायला यजमान तयार असतात.

मन कसं जुळत जातं

परक्या देशात मनाचं काय होतं यावर सत्तर वर्षं अभ्यास चालू आहे. १९५५ मध्ये नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्व्हेरे लिसगार्ड यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या दोनशे नॉर्वेजियनांच्या मुलाखती अभ्यासल्या. सहा महिन्यांहून कमी आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक बरे जुळले होते, मधल्या काळातले अधिक अस्वस्थ होते. त्यावरून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी रेषा प्रसिद्ध झाली: आधी नवलाई, मग घसरण, मग सावरणं. त्याच सुमारास कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञानं या अस्वस्थतेचं कारण सांगितलं. रोजच्या व्यवहारातल्या ओळखीच्या खुणा, म्हणजे कधी हसायचं, कधी हात मिळवायचा, कधी नाही म्हणायचं, या सगळ्या एकदम निकामी होतात आणि माणूस थकतो.

पुढच्या संशोधनानं ही रेषा दुरुस्त केली. कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांची वर्षभर पाहणी मांडली. त्यांना नवलाईचे दिवस दिसलेच नाहीत. सगळ्यांत जास्त त्रास आल्या आल्याच होता आणि रोजचे व्यवहार जमू लागले तसा तो पहिल्या काही महिन्यांत झपाट्यानं कमी झाला. विद्यार्थ्याला यातून मोठा धीर मिळावा. पहिल्या आठवड्यात रडू आलं म्हणून निवड चुकली असं होत नाही. बस कशी पकडायची, दुकानात काय म्हणायचं, कपडे कधी धुवायचे हे जसजसं कळतं तसतसं मनही सावरतं. व्यवहार शिकायचा सगळ्यांत जवळचा मार्ग म्हणजे विचारणं, म्हणून पहिल्या रात्रीची ती यादी इतकी मोलाची.

घरच्यांचीही यात भूमिका आहे. अमरावतीत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा जर्मनीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेदहा झालेले असतात, म्हणजे अमेरिकेतलं मूल वर्गात असतं. रोज तासभर व्हिडिओ कॉल झाला तर मूल देहानं तिकडे आणि मनानं अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत राहतं. आठवड्यातून एक-दोन ठरलेल्या वेळा पुरेशा आहेत. रडत फोन आला तर ऐकून घ्यावं आणि ‘यजमानांशी बोललास का?’ हे आधी विचारावं.

आपल्या घरी येणारं मूल

विनिमय दोन्ही बाजूंनी चालतो. आपलं मूल गेलं की दुसऱ्या देशातलं मूल आपल्या गावात येतं. ऑगस्टात आलेल्या मुलाला अकोल्यात श्रावणातली राजराजेश्वराची कावडयात्रा, पोळा आणि गणपती एकापाठोपाठ दिसतात, अमरावतीत अंबादेवीची नवरात्रातली गर्दी दिसते. पुढे चिखलदऱ्याची थंडी आणि मग एप्रिलचं ऊन. त्याला हे सगळं सांगावं लागतं: दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही, डोक्याला दुपट्टा बांधायचा, कूलरमध्ये पाणी भरायचं, पिण्याचं पाणी गाळलेलं किंवा उकळलेलंच घ्यायचं. आपल्या आग्रहाचीही त्याला भीती वाटू शकते. तो खरोखर नको म्हणत असेल तर थांबावं. खोलीचं दार लावून एकटं बसावंसं वाटलं तर तो रुसलेला नसतो, त्याला तशी सवय असते. पहिल्या रात्रीचे प्रश्न त्यानं विचारले नाहीत तर आपण होऊन उत्तरं द्यावीत.

परत आल्यावर

परतीचाही त्रास असतो. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या संशोधक दाम्पत्यानं दाखवलं की घरी आल्यावर पुन्हा एकदा तशीच घसरण होते. रस्त्यावरचा आवाज खटकतो, मित्र पुढे गेलेले असतात, कोणाला तिकडच्या गोष्टी दोन मिनिटांपलीकडे ऐकायच्या नसतात. शिक्षणाचं एक वर्ष मागे पडतं हेही खरं. म्हणून बरीच कुटुंबं दहावी किंवा बारावी झाल्यावरचं वर्ष निवडतात. परदेशातल्या शाळेचे गुण इथे धरावेत असं वाटत असेल तर निघण्याआधीच आपल्या शाळेशी आणि मंडळाशी लेखी बोलून घ्यावं. नीट किंवा जेईईच्या तयारीत बुडालेल्या मुलाला हे वर्ष परवडणार नाही, आणि तसं मान्य करण्यात काही कमीपणा नाही.

या अनुभवाचं पीक पुढे कसं येतं हे पंजाबरावांनी दाखवलं. विलायतेहून परतल्यावर त्यांनी अमरावतीत खेड्यातल्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं, पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. १९५२ पासून केंद्रात कृषिमंत्री झाल्यावर त्यांनी भातशेतीची जपानी पद्धत भारतभर नेली. अकोल्याचं कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये सुरू झालं ते त्यांच्याच नावानं. खेड्यातून शहरात येणाऱ्या मुलाला आधी छप्पर आणि जेवण लागतं, मग पुस्तक, हे परक्या गावांत राहून शिकलेल्या माणसाला नेमकं कळलं होतं. आजही मेळघाटातून अमरावतीला किंवा पातूरहून अकोल्याला वसतिगृहात येणाऱ्या मुलाची पहिली रात्र तितकीच परकी असते. मेसची वेळ कोणती, कपडे कुठे वाळवायचे, रात्री दुखलं-खुपलं तर कोणाला उठवायचं, हे त्यालाही कोणी सांगत नाही. प्रत्येक वसतिगृहाच्या अधीक्षकांनी ही प्रश्नांची यादी मराठीत आणि कोरकूत करून दाराशी लावली, तर परदेशी न जाणाऱ्या हजारो मुलांनाही तिचा उपयोग होईल.

परदेशी जायचं असो वा अमरावतीला, या तयारीला पैसे लागत नाहीत. येत्या सुट्टीत आपल्या मुलाला एक आठवडा दुसऱ्या गावच्या, फारशा ओळखीच्या नसलेल्या घरी पाठवा. त्याला सांगा, भूक लागली तर माग, कळलं नाही तर विचार, आवडलं नाही तर नीट शब्दांत सांग, आणि वाढणाऱ्याचे आभार मान. आपल्या गावच्या क्लबकडून परदेशी मुलाला ठेवून घेण्याची विचारणा आली, तर घर लहान आहे म्हणून नाही म्हणू नका. त्याला एक खाट, दोन वेळचं जेवण आणि बोलणारी माणसं लागतात, आणि ती वऱ्हाडात कमी नाहीत.